तिकिटाच्या यंत्रासाठी एक बटण

तार्तूतला डिसेंबर, म्हणजे दुपारी तीनलाच दिवे.
बसथांब्यावरच्या यंत्राचा पडदा मी तीन आठवडे घासतेय:
हिरवा किती हिरवा असावा,
'पुढे'चा बाण किती पुढे झुकावा,
कोपरे किती गोल केले
म्हणजे चौकोन चौकोनच राहील, पण टोचणार नाही.
तॉनिस म्हणतो, पुरे,
चार पिक्सेलांनी कुणाची बस चुकत नाही.
मी ते चार पिक्सेल परत सरकवते.

चाचणीला हेल्वे आल्या. वय एक्याऐंशी.
दातांनी हातमोजा ओढून काढला,
काचेवर बोट ठेवलं
आणि दाबलं.
दाबतच राहिल्या,
बेल वाजवून
आत पावलं ऐकू येतात का याचा कानोसा घ्यावा, तशा.
यंत्र गोंधळलं.
आधी रशियन बोलायला लागलं,
मग घाबरून पहिल्या पानावर जाऊन बसलं.
मी वहीत लिहिलं: फार वेळ दाबतात. वापरणाऱ्याची चूक.

माझ्या पाठीमागच्या काळ्या खिडकीत वही उमटली होती.
त्यांनी ती तिथून वाचली, उलटी, सरळ वाचावी तशी.

"चाळीस वर्षं काड्यापेट्यांवरची चित्रं कोरली मी,
लिनोलियमवर, सगळं उलटं.
कोल्हा, दीपगृह, 'मुलांपासून दूर ठेवा'.
दोन रंग मिळायचे.
तिसरा मागितला की साहेब म्हणायचे,
तिसरा कागदाचा घ्या."

मग काचेवरचा आपलाच ठसा बाहीनं पुसत म्हणाल्या,
"छान आहे गं तुझं. पण हुंकार देत नाही.
गोष्ट ऐकणारा मधून मधून 'हं' म्हणाला नाही
तर सांगणारा काय करतो?
पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो."

रात्री पावाला लोणी लावताना
हातात जुनिपरच्या लाकडाची सुरी आली.
बाबांनी आईसाठी तासलेली.
मूठ मुद्दाम जाड ठेवली होती,
उरलेलं तिचा अंगठा करेल म्हणून.
सव्वीस वर्षांत तिथे एक खळगी पडली,
उथळ, गुळगुळीत, मिरीसारख्या वासाची.
आई डावखुरी.
माझा अंगठा त्या खळगीच्या काठावर बसतो
आणि घसरतो.
दुसरी करून द्या म्हटलं, तर बाबा
नुसते सुरीकडे बघत राहिले.
मीही मग विषय काढला नाही.

बटण आता दोन पिक्सेल खाली बसतं.
सावली आत ओढून घेतं.
आणि आवाज.
एकोणीस आवाज ऐकले मी:
थेंब, कडी, जिभेची टिचकी,
कुणा परक्या गावच्या देवळातल्यासारखी एक घंटा
(ती तॉनिसची आवडती).
शेवटी दुकानातून एक काड्यापेटी आणली,
सरकवून उघडली, सरकवून मिटली,
फोन जवळ धरून.
मिटताना ती जे म्हणते, तेच घेतलं.

बैठकीत विचारलं गेलं, याला पुरावा काय.
मी आकडे दाखवले. आकडे बरे होते.
खळगीबद्दल बोलले नाही.

हेल्वेंना फोन करून सांगितलं, यंत्र लागलंय,
तुमच्याच थांब्यावर, येऊन बघा.
त्या हसल्या. "मला कुठे तिकीट लागतं?
या वयाला बस फुकट आहे."

तरी मी गेले, फेब्रुवारीत, उणे चौदात.
कानटोपीवाला एक मुलगा
टाचा उंचावून
बटण दाबत होता.
पुन्हा. पुन्हा.
तिकीट घेत नव्हता, नुसता ऐकत होता,
आणि दर वेळी आपणही बारीक आवाजात
म्हणत होता, हं.
आई बसच्या दारात उभी राहून हाका मारत होती.
ड्रायव्हरनं थोडा वेळ वाट पाहिली.

त्यांची बस चुकली.